काकडीची मगर फ्रीजमध्ये झोपलीय

…नाही, पण मला एक सांगा, उकडलेला बटाटा रडतो का हो? एवढी मंडळी बसला आहात, तुमच्यापैकी एकानं तरी बटाट्याला रडताना पाहिलंय? कांदा माणसाला रडवतो, हे मान्य. पण बटाटा स्वतः? आणि तो रडतोय म्हणून मी, लिफ्ट दुरुस्त करण्यात निम्मे केस पांढरे केलेला माणूस, त्याच्या अंगावर हातरुमाल घालतोय, त्याला थोपटतोय आणि म्हणतोय, "उगी बाळा, उगी…" बटाट्याला! आणि माझी भिंगरी, म्हणजे माझी मुलगी हो, चार वर्षांची आहे, एका जागी टिकत नाही म्हणून भिंगरी, ती शेजारी उभी राहून मला शिकवतेय, "असं नाही बाबा, हळू. त्याला गुदगुल्या होतात!" तुम्ही हसताय. हसा, हसा. तुमच्याकडे बटाटा भाजीत जातो. माझ्याकडे तो झोपायला जातो.

आणि हे सगळं कुणामुळे? त्या हसऱ्या बाईमुळे! तुम्ही ओळखत नाही तिला? मोबाइलमध्ये असते. शेजारच्या वहिनींनी पाठवली मला. "भावजी, हे व्हिडिओ बघाच तुम्ही. घरच्या घरी मुलांचे खेळ, मजेमजेचा खाऊ… आमचा तर बाई एवढा रमायचा, एवढा रमायचा!" आता त्यांचा तो रमलेला मुलगा आज नववीत आहे आणि खोलीचं दार लावून बसतो, दिवस-दिवस बाहेर येत नाही, ते सोडा. मी व्हिडिओ लावला. तर ती बाई! सदा हसतमुख, मागं ओटा असा की एक डाग शोधून दाखवा, आणि अंगात काय, तर पांढरा शर्ट. पांढरा! घरात लहान मूल आणि अंगात पांढरा शर्ट, तिथंच मला संशय यायला हवा होता की नाही? पण नाही आला. "नमस्काऽऽर मैत्रिणींनो! मुलं कंटाळलीत? जेवत नाहीत? अज्जिबात काळजी करायची नाही! चुटकीसरशी तयार, मूल तासन्‌तास रमणार!" मैत्रिणींनो म्हणे. म्हणजे बाप हा प्राणी जमेतच नाही. पण गरजवंताला अक्कल नसते, मी म्हटलं ठीक आहे, आजपासून मी मैत्रीण.

आता तुम्ही म्हणाल, अडलं होतं काय एवढं? सांगतो ना. अडलंच होतं. बायको माझी नर्स आहे. नुकत्याच जन्मलेल्या नाजूक बाळांना कसं सांभाळायचं, त्याचं खास शिक्षण असतं एक, ते घ्यायला ती दोन महिने दुसऱ्या गावी गेलीय. तिची फार वर्षांची इच्छा. आणि मी काय केलं? छाती पुढं काढली आणि म्हणालो, "जा! बिनधास्त जा! पोरीचं मी बघतो!" आता हे बोलताना फोन चालू होता, स्पीकरवर होता, आणि पलीकडं सासूबाई होत्या. त्या? नुसत्या खोकल्या. तुम्हाला सांगतो, मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या त्या, आता निवृत्त, पण तो खोकला अजून नोकरीत आहे. त्या खोकल्यावर शंभर मुलींचे दिवे बंद व्हायचे. मग म्हणाल्या, "जावईबापूंना जमेल?" बायको मुत्सद्दी. ती म्हणाली, "आई, आठवडाभर बघू. शनिवारी तू ये. भिंगरी नीट जेवत असेल, रमली असेल, तर राहू दे तिला बाबाजवळ. नाहीतर तू घेऊन जा, मी येईपर्यंत." झाला करार. माझी सही कुणी मागितलीच नाही.

खरं सांगू का? वरवर मी म्हणत होतो, बरंय, गेली तर गेली, तेवढीच विश्रांती. पण आतून? बायको नाही, पोर नाही, मग त्या घरात उरणार कोण? मी आणि गळका नळ. संध्याकाळी दार उघडल्यावर गुडघ्याला येऊन मिठी मारणारं कुणी नाही. दोन महिने! नाही, मला नव्हतं जमणार ते. मी साहेबांकडं गेलो, रजा मागितली. साहेब म्हणाले, "आणि कुणाची लिफ्ट अडकली तर?" मी म्हटलं, "साहेब, प्रत्येक इमारतीला जिना असतो." मिळाली रजा. कशी मिळाली ते विचारू नका.

पहिल्या दिवशी पोरगी जेवेना. "आई भरवते तसं नाहीये." आई कशी भरवते? "तशी!" तशी म्हणजे कशी? "तश्शी!" आता यावर काय करणार माणूस? लावली मी हसरी बाई. पहिला धडा, घरचा खेळण्याचा चिखल. मैदा, मीठ, तेल, पाणी, चिमूटभर रंग, मळा की झाला! चुटकीसरशी तयार, मूल तासन्‌तास रमणार! मी मळायला घेतलं. पातळ झालं. मैदा घातला. घट्ट झालं. पाणी घातलं. पातळ झालं. मैदा घातला… तुमच्या लक्षात येतंय का? तो गोळा वाढत चालला हो. आधी परातीत मावत होता, मग परात त्याच्यात मावायला लागली. कोपरापर्यंत हिरवा झालो मी. आणि भिंगरी? ती तेवढ्या वेळात दोनदा झोपून उठली असेल. शेवटी झाला एकदाचा. तिनं चिमूटभर घेतला, हुंगला, म्हणाली, "वास येतो," आणि गेली. गेली! म्हटलं, जाऊ दे. पण ती गेली कुठं, याचा विचार मी करायला हवा होता. संध्याकाळी दूध आणायला दोघं खाली गेलो, परत आलो, किल्ली लावतो तर किल्ली आतच जाईना. वाकून बघतो तर कुलपाच्या भोकात हिरवं. ठासून भरलेलं. "बाबा, मी त्याला जेवू घातलं." अहो, मी अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढतो, ते माझं काम आहे, आणि मी स्वतःच्या दारासमोर गुडघ्यावर बसून दात कोरायच्या काडीनं कुलूप कोरतोय. शेजारच्या वहिनी जाता जाता म्हणाल्या, "अय्या, खेळ चाललाय वाटतं!"

दुसऱ्या दिवशी डाळी. चार प्रकारच्या डाळी-कडधान्यं एका ताटात मिसळायची, चार वाट्या ठेवायच्या, मूल शांतपणे निवडत बसतं, बोटांना वळण लागतं, एकाग्रता वाढते. चुटकीसरशी तयार, मूल तासन्‌तास रमणार! तयार खरंच चुटकीसरशी झालं हं, खोटं नाही बोलणार, मिसळायला काय लागतं? मग भिंगरीनं ते ताट एकदा हातात घेतलं आणि म्हणाली, "पाऊस!" झालं. सगळ्या घरभर पाऊस. पलंगाखाली मूग, चपलांत मसूर, गादीच्या शिवणीत हरभरे. आणि मग निवडत कोण बसलं? शांतपणे? एकाग्र होऊन? मी! रमलो हो मी तासन्‌तास. अजून चालताना पायाखाली कुरकुर आवाज होतो.

मग म्हटलं, हे स्वयंपाकघरातले धंदे आपले नव्हेत, आपण हातानं काहीतरी दणकट करू. बाई म्हणाली, पुठ्ठ्याचा मोठा खोका घ्या आणि मुलांना छोटंसं घर बनवून द्या. वा! हे आपलं काम. कपाटाचा खोका होता माळ्यावर. काढला. कापायला घेतला. दारं केली, पण उघडझाप करणारी नाही, दोन बाजूंना सरकणारी. मग बाटल्यांची बुचं लावली, एकाखाली एक. मग वर मजला दाखवायला पट्टी. मग सायकलची घंटा, वजन जास्त झालं की वाजवायला. मागं सरून बघतो तर… घर कुठंय? लिफ्ट! हाताला सवय हो, दुसरं काय! शिंप्यानं पोराला गोधडी शिवायला घ्यावी आणि खिसे लावून मोकळं व्हावं, तशातली गत.

पण तिला आवडली. आवडली म्हणजे काय, आत जाऊन बसली, दार ओढलं, बूच दाबलं. मी म्हटलं, चला, जिंकलो. मी पण आत जायला गेलो, तर घंटा. टिंग टिंग टिंग. "वजन जास्त झालं. बाबा, तू बाहेर." बरं, बाहेर. मग आतून आवाज, "अडकलीऽऽ! माणूस बोलवा!" मी गेलो, स्क्रूड्रायव्हर फिरवल्यासारखं केलं, म्हटलं, "झाली बाईसाहेब." "परत अडकलीऽऽ!" परत गेलो. "किती वेळ लावता हो तुम्ही? तुमच्या साहेबांकडं तक्रार करीन हं!" आता हे वाक्य हिला कुणी शिकवलं? माझ्या फोनवर लोक जे बोलतात ते हिनं ऐकून ठेवलेलं! रजा काढून, साहेबांच्या शिव्या खाऊन, मी घरी बसून काय करत होतो? लिफ्ट दुरुस्त! तीही अशी की जी बिघडलेलीच नाही. आणि जेवणाचं नाव काढलं की आतून, "लिफ्ट बंद आहे. जिन्यानं जा."

म्हणून मग मी वळलो खाऊकडं. मजेदार खाऊ! माझ्या आयुष्यातली घोडचूक. बाई म्हणाली, "मैत्रिणींनो, मुलं ताट बघून तोंड फिरवतात? मग ताटानंच त्यांच्याकडं बघून हसायला हवं!" काय वाक्य आहे! मी भाळलो. उकडलेला बटाटा घेतला, त्याला गाजराच्या चकत्यांचे कान, लवंगांचे डोळे, कोथिंबिरीच्या काडीची शेपटी. उंदीर. मग काकडीची मगर, तोंडात करवतीसारखे दात कोरलेले, मी लिफ्टच्या पट्ट्या कापतो ना, तसे एकसारखे. अंड्याचं पिल्लू. केळ्याचा मासा, तोंडात द्राक्ष. टोमॅटोचा भुंगा. तुम्हाला सांगतो, मला स्वतःचा एवढा अभिमान वाटला, एवढा अभिमान, की क्षणभर वाटलं, आपण उगाच ग्रीस चोळत जन्म घालवला.

ताट समोर ठेवलं. भिंगरी गप्प. भिंगरी गप्प हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. डोळे हे एवढे. मग हसू फुटलं, मग टाळ्या, मग माझ्या गळ्यात पडली. "बाबा! हे माझे?" म्हटलं, "तुझेच!" "सगळे?" "सगळे! आता खा." आणि तिनं माझ्याकडं बघितलं. काय सांगू, त्या नजरेनं माझं पाणी पाणी झालं. खाटकाकडं बघावं तसं. "खाऊ? याला? बाबा, त्याला डोळे आहेत!"

झाली ना पंचाईत! नावं ठेवली तिनं. बटाटा म्हणजे गोटूशेठ. काकडी म्हणजे मगरमावशी. अंडं पिलूताई, मासा सुळसुळेकाका. माझ्याकडं इतकी नाती नाहीत तेवढी त्या ताटात झाली. आणि रात्र झाली की हे सगळे झोपणार कुठं? गार लागतं तिथं छान झोप येते, म्हणून फ्रीजमध्ये. फ्रीजचं दार लावलं की दिवा जातो, म्हणजे अंधार, म्हणजे ते घाबरणार, म्हणून दर थोड्या वेळानं दार उघडून "मी आहे हं" म्हणायचं. कोणी म्हणायचं? तिला उंची पुरत नाही, मग मीच! दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. साधा बटाटा दिला. कान नाही, डोळे नाही. तर म्हणते, "बाबा, याला दिसत नाही? बिच्चारा!" आणि त्याचा हात धरायला गोटूशेठला शेजारी आणून बसवलं. मग दोघे झोपले. फ्रीज भरत चालला आणि पोरगी रिकामी. दुधाचे चार घोट आणि एखादं बिस्कीट, बास. फ्रॉकचा पट्टा एक भोक आत गेला तिचा. चुटकीसरशी तयार, मूल तासन्‌तास रमणार! अहो, रमलंय हो, पण खाणार कधी?

बायकोचा रोज फोन. "जेवली का?" मी म्हणायचो, "ताटात काही उरलं नाही." खोटं आहे का सांगा? ताटात काहीच नव्हतं. सगळं फ्रीजमध्ये. पण नर्सला कोण फसवणार? "तिला दाखव." दाखवली. तर ही ओरडते, "आई, हळू बोल, सगळे झोपलेत!" "सगळे म्हणजे कोण?" मी म्हटलं, "हॅलो… हॅलो… आवाज तुटतोय," आणि ठेवला.

आणि मग भुंग्याचं प्रकरण झालं. त्याचं काय झालं, की तिच्यासमोर जेवायची मलाही चोरी. मी ताट वाढून घेतलं की ती बघत बसणार, कोण कोण आहे त्यात म्हणून. शेवटी भूक आवरेना, आणि ती लिफ्टमध्ये होती, मी फ्रीजच्या दाराआड वाकून तो टोमॅटोचा भुंगा गट्टम केला. दोन घासांत. वर मीठसुद्धा नाही. संध्याकाळी हजेरी झाली. "भुंगा कुठाय?" मी तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, "तो ना… तो गावाला गेला." तिनं माझ्याकडं बघितलं, आणि ओठ असा वळला. "आईसारखा?"

…आता बोला.

ती रडली नाही मोठ्यानं. फ्रीजसमोर बसली आणि म्हणाली, "आता कुण्णाला जाऊ द्यायचं नाही." मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ही खेळत नव्हती हो. राखण करत होती. जो खाल्ला तो गेला, आणि जो गेला तो दिसत नाही, एवढा साधा हिशोब. मीच ताटात डोळे लावून दिले आणि मीच म्हणत होतो खा! त्या हसऱ्या बाईला विचारायला हवं होतं, की मैत्रिणी, आई गावाला गेली असली तर काकडीला डोळे लावायचे की नाही लावायचे?

आणि उजाडला शनिवार. सासूबाई वेळेआधी आल्या. त्या कायम वेळेआधी येतात, ती त्यांची वेळ. दारात खोकल्या. मी सरळ उभा. चपला काढून आत पाऊल टाकलं, कुर्रर्र! "हे काय?" "मसूर." तशाच सरळ स्वयंपाकघरात. "काय खाते ती?" आणि उघडला फ्रीज.

काय सांगू! वसतिगृहात त्यांचा नियम होता म्हणे, ताटात शीत उरलं तर उरवणारीनं उभं राहून सगळ्यांची जेवणं बघायची. आणि इथं फ्रीजभर न खाल्लेलं अन्न, रुमाल पांघरून झोपलेलं! गोटूशेठ सुरकुतलेले, सुळसुळेकाका काळेठिक्कर, पिलूताईंना तर वास. सासूबाईंनी मगरमावशीला शेपटीला धरून उचललं. मऊ झाली होती, ती मधूनच लोंबली. "जावईबापू, ही काय आहे?" मी तोंड उघडायच्या आत भिंगरी किंचाळली, "आजी, तिला ठेव! ती झोपलीय!" सासूबाईंनी मगरीकडं पाहिलं, नातीच्या फ्रॉकच्या पट्ट्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आवाज चढवला नाही हं. चढवला असता तर बरं झालं असतं. "तुम्ही प्रयत्न केलात, दिसतंय. पण पोर उपाशी आहे. तिची बॅग भरा." भिंगरी धावत लिफ्टमध्ये. दार बंद. आतून आवाज, "लिफ्ट बंद आहे!" सासूबाईंनी पुठ्ठ्यावर टकटक केली. "बाळा, चल, आजीच्या गावाला." अरे देवा, गावाला! दुसरा शब्द नव्हता का? आतून दार आणखी घट्ट ओढलं गेलं.

मी बॅग भरायला घेतली. ते एवढेएवढे फ्रॉक घडी घालायचे, एक घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला हातच चालेना. डोळे भरून आले, सांगायला लाज कसली? उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि जमिनीवर फतकल मारून बसलो. समोर सकाळच्या भाताचं पातेलं होतं, भात गार, तळाशी चिकटलेला. भुकेनं आणि दुःखानं माणूस अगदी मोकळा होतो बघा. ताट नाही, चमचा नाही, घातला हात पातेल्यात आणि खायला लागलो. बकाबका. जाऊ दे म्हटलं, हरलो तर हरलो, निदान पोटभर हरू.

मागं दार सरकल्याचा आवाज. भिंगरी येऊन शेजारी उभी. "बाबा, तू पण गावाला जाणार?" म्हटलं, "नाही गं राणी. मी इथंच आहे. मला भूक लागलीय." "खूप?" "खूप." तिनं पातेल्यात वाकून पाहिलं. आता भाताची ओळख होणार! "बाबा, हे कोण?" "कोणी नाही. भात आहे." "इतके सगळे?" म्हटलं, "हो." तिनं एक शीत उचललं. "हा बंटू." दुसरं उचललं. "ही… ही बंटी." तिसरं. "हा… हा…" चौथ्यापर्यंत आली आणि पातेल्याकडं बघत राहिली. केवढे ते! कुणाकुणाची नावं ठेवणार, कुणाकुणाला झोपवणार? हुबेहूब आईसारखा सुस्कारा टाकला पोरीनं. म्हणाली, "जाऊ दे. खाऊनच टाकू."

आणि बसली हो मांडीत! एक घास स्वतः घेतला, एक मला. "आ कर. एक बाबाला. एक मला. एक बाबाला…" बंटूही गेला, बंटीही गेली, कुणाची आठवणसुद्धा काढली नाही. खरवड खरवडून खाल्ली तिनं. गालाला भात, केसांत भात, माझ्या कानात भात. मी हालचाल करेना, श्वास घ्यायचीही भीती, न जाणो हिला आठवायचं! मान वर करतो तर दारात सासूबाई, नातीची बॅग खांद्याला, बघतायत. मला वाटलं, आता खोकणार. पातेल्यातून जेवणं, तेही जमिनीवर! त्या आल्या. बॅग खाली ठेवली. गुडघे धरत धरत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "प्रवासात काही खाल्लं नव्हतं मी. सरका जरा." आणि घातला हात पातेल्यात.

दुसऱ्या दिवशी भिंगरीनंच फ्रीज उघडून घेतला. एकेकाला बाहेर काढलं, एकेकाचा पापा घेतला, "चला, तुमची आई न्यायला आलीय," आणि टाकलं बादलीत. मगरमावशीला जरा जास्त वेळ लागला, पण गेली तीही. बायकोला फोन केला, म्हटलं, जेवतेय. कालपासून जेवतेय, भात, डाळ, ज्याला तोंड-नाक नाही ते सगळं. बायको म्हणाली, "मग राहू दे तुझ्याकडंच." ऐकलंत? राहू दे तुझ्याकडंच! मी तिथल्या तिथं उडी मारली, पायाखाली हरभरा आला, आपटलो, तरी हसत होतो.

इथं संपायला हवं होतं की नाही? सांगा ना, इथं संपायला काय हरकत होती? पण नाही! म्हटलं, सासूबाईंनी मोठं मन केलं, आता दोन दिवसांत जातील, त्यांचे आभार कसे मानावेत? बोलायला काही जमेना मला. हातानं जमतं तेवढंच जमतं. मी सकाळी लवकर उठलो आणि त्यांच्यापुरतं एक ताट केलं. सफरचंदाचा हंस. मान अशी बाकदार, पंख पापुद्र्यासारखे, एकावर एक सरकणारे, डोळ्याला मिऱ्याचा दाणा. ठेवला समोर. त्यांनी चष्मा लावला. बघितलं. ताट फिरवून मागून बघितलं. मग डोळ्यांच्या कडा पुसल्या. म्हणाल्या, "माझ्यासाठी आजवर कुणी असं काही केलं नव्हतं हो. सगळा जन्म दुसऱ्यांची ताटं तपासण्यात गेला." मीही विरघळलो, म्हटलं, "घ्या ना आई, खा." तर त्यांनी माझ्याकडं बघितलं. तीच नजर! ती खाटकाकडं बघायची! "खाऊ? याला?" आणि उठल्या, त्याच्यावर वाटी झाकली, आणि ठेवला फ्रीजमध्ये.

आता सहावा हंस झोपलाय. रोज नवा मागतात. जायचं नाव नाही, दिवसाला दोन कप चहावर आहेत, आणि वर मला विचारतात, "जावईबापू, दिवा गेल्यावर तो घाबरत नसेल ना?" आता तुम्हीच सांगा, मंडळी, नात जेवत नाही म्हणून तिला न्यायला आजी आली, ते ठीक… पण आता आजी जेवत नाही, तर तिला न्यायला मी कुणाला बोलवू?